त्रास झाला, म्हणजे ऐकले

श्रोतेहो, नमस्कार. आजच्या भाषणाचा विषय संगीत हा असला, तरी मी बोलणार आहे ते वाजवणाऱ्यांविषयी कमी आणि ऐकणाऱ्यांविषयी अधिक. युरोपातील मोठ्या वाद्यवृंदांसाठी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत असे पुष्कळ संगीत लिहिले गेले, जे प्रथम कानावर पडले की माणूस अस्वस्थ होतो, चिडतो, हसू लागतो किंवा सरळ उठून निघून जातो. अशा माणसाला संगीतातले काही कळत नाही, असे आपण चटकन म्हणून टाकतो. मला ते मान्य नाही. ज्याला त्रास झाला, त्याने ऐकले आहे. हे वाक्य मी पुढेही पुन्हा म्हणणार आहे, कारण आजच्या भाषणात मला मुख्यतः तेवढेच सांगायचे आहे.

या प्रकारच्या गोंधळाचा सर्वांत गाजलेला दिवस म्हणजे २९ मे १९१३. पॅरिसच्या शाँझेलिझे नाट्यगृहात रशियन संगीतकार इगोर स्त्राविन्स्की यांच्या संगीतावर बसवलेल्या ‘वसंताचा विधी’ या नृत्यनाट्याचा पहिला प्रयोग होता. सुरुवातीलाच ‘बसून’ (bassoon) हे फुंकून वाजवायचे, खर्जातले समजले जाणारे वाद्य इतक्या वरच्या पट्टीत वाजू लागले, की ते कोणते वाद्य आहे हेच ओळखू येईना. थोड्याच वेळात प्रेक्षागृहात हशा, आरडाओरडा आणि आपसांत वादावादी सुरू झाली. नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना, तेव्हा नृत्यदिग्दर्शक निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभे राहून मात्रा ओरडून सांगू लागले आणि वाद्यवृंदाचे संचालक प्येर माँतो यांनी त्या गदारोळातही वादन शेवटपर्यंत नेले. लोकांचा राग संगीतावर होता की नृत्यावर, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९१४ मध्ये, त्याच शहरात माँतो यांनीच हे संगीत नृत्याविना सादर केले, तेव्हा मात्र श्रोत्यांनी स्त्राविन्स्की यांना खांद्यावर उचलून घेतले.

दुसरे उदाहरण रेडिओचे आहे, म्हणून मला ते विशेष जवळचे वाटते. १९९५ साली लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवाच्या शेवटच्या रात्री, जेव्हा लोक ठरलेली, ओळखीची देशगीते ऐकायला जमतात, तेव्हा ब्रिटिश संगीतकार हॅरिसन बर्टविसल यांची ‘पॅनिक’ ही सॅक्सोफोन, ड्रम आणि वाद्यवृंद यांची अत्यंत आक्रमक रचना सादर झाली, आणि बीबीसीकडे तक्रारींच्या दूरध्वनींची रीघ लागली. प्रसारणाशी संबंध असलेला माणूस म्हणून मी सांगतो, की रेडिओ लावून स्वयंपाकघरात कामाला लागलेला माणूस तक्रार करत नाही. तक्रार करतो तो ऐकणारा.

आता मी माझ्या प्रसंगाकडे वळतो, आणि थोडा वेळ तिथेच रेंगाळणार आहे.

अमरावती जिल्ह्यात, वरूडकडच्या संत्रापट्ट्यातील एका गावात, आंबिया बहाराची तोड संपत आली होती, त्या दिवसांतील ही एक संध्याकाळ आहे. तिथल्या सभागृहात सायंकाळची सामुदायिक प्रार्थना होते आणि खंजिरीवरची भजनेही होतात. प्रार्थना आटोपल्यावर मंडळी सतरंजीवर तशीच बसून राहिली, आणि भजनी मंडळाच्याच अॅम्प्लिफायरला व दोन बॉक्सना मी माझा लॅपटॉप जोडला. आवाजाचे बटण भजनाला जिथे असते तिथेच ठेवले. ऐकवायची होती ती पोलंडचे संगीतकार क्षिश्तोफ पेंडेरेत्स्की यांची १९६० साली लिहिलेली रचना. तिचे नाव मी मुद्दाम सांगितले नाही. ५२ जण आहेत, सगळ्यांच्या हातांत व्हायोलिनच्या कुळातली गजाने वाजवायची वाद्ये आहेत, आणि साडेआठ-नऊ मिनिटे ऐकायचे आहे, एवढेच सांगितले.

पहिल्याच क्षणी ती वाद्ये, ज्याला जितके वर जाता येईल तितक्या वरच्या स्वरावर, एकदम जोरात किंचाळतात. मुलांनी कानांवर हात ठेवले. मागे बसलेल्या दोघी-तिघींनी हसू आवरण्यासाठी तोंडाला पदर लावला. मंडळात खंजिरी वाजवणारा तरुण गुडघ्यांवर सरकत बॉक्सपाशी गेला, जाळीवर तळहात ठेवून त्याने पाहिले आणि मला विचारले, “स्पीकर फाटला का जी?” मी मानेनेच नाही म्हटले, तरी तो जागेवर गेला नाही, तिथेच, बॉक्सला कान देऊन बसला. पुढे एका ठिकाणी वादक गज बाजूला ठेवून वाद्याच्या लाकडावर बोटांनी ठोकतात, घोडीच्या, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या, पलीकडच्या आखूड तारांवर गज ओढतात. त्या जागी या तरुणाची बोटे मांडीवर हलू लागली आणि लगेच थांबली. पुन्हा हलली आणि पुन्हा थांबली.

खांबाजवळ खुर्चीवर एक वृद्ध संत्रा बागायतदार बसले होते. गावात त्यांना सगळे काकाजी म्हणतात. तिसऱ्या मिनिटाच्या सुमारास ते उठले आणि काही न बोलता बाहेरच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. घरी मात्र गेले नाहीत. रचना संपली तसे आत आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “हे टोयधाड हाये. म्या हा आवाज वयखला.”

मे २०२० मध्ये मध्य प्रदेशातून वाळवंटी टोळांचे थवे मोर्शी-वरूडच्या बाजूने विदर्भात शिरले आणि पुढे काटोलकडे गेले, हे आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. काकाजींनी सांगितले ते ऐकण्याविषयी होते. थवा दिसण्याआधी त्याचा आवाज आला, आणि तो कोणत्या दिशेने येतो आहे हे कळेना. त्याला चढ नव्हता, उतार नव्हता. तो फक्त दाट होत गेला. मग टोळ झाडांवर उतरले, आणि त्या दाट आवाजाच्या आत दुसरा, कोरडा, तडतडणारा आवाज ऐकू येऊ लागला. तो पाने खाण्याचा होता. घरातले सगळे ताटे, डबे, रिकामे पिंप बडवत बागेत धावले. पण काकाजी म्हणाले, की आपण बडवतो त्या आवाजाला एक ठोका असतो आणि त्या आवाजाला ठोकाच नव्हता, म्हणून आपले बडवणे त्यावर चढेना.

हे ऐकताच खंजिरीवाला तरुण बोलला. “मी तेच पाहून रायलो होतो,” तो म्हणाला, “याले समच नाही. सम नसन त मानसानं टेकाव कुठी?”

श्रोतेहो, या रचनेवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे, पण तिच्या रचनेचा गाभा या मुलाने एका वाक्यात पकडला होता. पेंडेरेत्स्की यांनी यात बहुतेक ठिकाणी नेहमीच्या मात्रा लिहिलेल्याच नाहीत. लिखित संहितेत सेकंदांचे हिशेब आहेत: इतके सेकंद स्वरांचा हा पट्टा, इतके सेकंद तो. जिथे हात टाळीसाठी उचलावा अशी जागाच नाही. हे मी त्याला सांगितले, तेव्हा त्याने समाधानाने मान हलवली.

मग एका आजींनी पुन्हा विचारले, की वाजवणारे नेमके किती जण होते. मी म्हटले, ५२. २४ व्हायोलिन, १० व्हायोला, १० चेलो आणि ८ डबल बास. त्या जरा थांबून म्हणाल्या, “एवढे जण, अन् एकही जण दुसऱ्याच्या संगं कसा नाही?”

त्यानंतर मी नाव सांगितले: ‘हिरोशिमाच्या बळींसाठी शोकगीत’. ६ ऑगस्ट १९४५ रोजी त्या शहरावर काय पडले हे तिथे सर्वांना ठाऊक होते. आणि वाद सुरू झाला. गावच्या शाळेतील एक तरुण गुरुजी माझ्यावर मनापासून नाराज झाले. ते म्हणाले, “सर, हे आधी सांगायला हवे होते. अशा गोष्टीवर पोरे हसली, बाया हसल्या, हे बरे झाले नाही.” त्यांचे म्हणणे वजनदार होते आणि मान हलवणारेही बरेच होते. उत्तर मी दिले नाही, काकाजींनी दिले. “आधी सांगतलं असतं,” ते म्हणाले, “त आमी मान खाली घालून बसलो असतो गुरुजी. टोय ऐकूच आले नसते.”

मी काकाजींच्या बाजूचा आहे, आणि त्याला एक ठोस आधारही आहे. या रचनेला प्रथम हे नाव नव्हतेच. पेंडेरेत्स्की यांनी तिला नुसत्या कालावधीचे नाव दिले होते, ८ मिनिटे ३७ सेकंद. प्रत्यक्ष वादन ऐकल्यावर तिच्यातील भावनेचा भार त्यांना स्वतःलाच जाणवला आणि त्यानंतर हिरोशिमाचे नाव आले. म्हणजे हे संगीत प्रथम ऐकणाऱ्यांमध्ये खुद्द रचनाकारही होता, आणि त्याचीही प्रतिक्रिया नावाच्या आधी घडली. वाद बराच रंगला असता, पण दहा वाजता शेतीची थ्री-फेज लाईन येणार होती, आणि बागेला पाणी द्यायचे म्हणून काकाजींसह अर्धी मंडळी टॉर्च घेऊन उठली. उरलेल्यांनी तो ठोकण्याचा भाग पुन्हा लावायला सांगितला. या खेपेस कुणी हसले नाही, आणि खरे सांगायचे तर मला ते पहिल्या हसण्याइतके आवडले नाही. पहिले हसणे कानाचे होते. दुसऱ्या वेळचा गंभीरपणा नावामुळे आला होता.

संगीताच्या कार्यक्रमात निवेदक आधीच इतके बोलतात, की श्रोत्याला ऐकण्याऐवजी निवेदनाला होकार देत बसावे लागते. गाण्यापूर्वी त्याचा रस, भाव आणि आशय सांगून टाकणे मला अयोग्य वाटते. रागाचे नाव सांगावे आणि थांबावे.

आता असा त्रास होतो तरी का, हे थोडक्यात सांगतो. आपल्या गावच्या भजनातील हार्मोनियमवर सा आणि त्याच्या शेजारचा कोमल रे एकदम दाबून धरा. दोन अगदी जवळचे स्वर एकत्र वाजले, की त्यांच्या लहरी एकमेकींत कधी मिळतात, कधी एकमेकींना मारतात, आणि आवाज थरथरू लागतो. एक स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा आणि दुसरा ४४४ चा असेल, तर सेकंदाला ४ हेलकावे येतात, आणि ते मोजता येतात. हेच अंतर वीस-तीस कंपनांपर्यंत वाढले, की हेलकावे मोजता येत नाहीत, नुसती खरखर जाणवते. पेंडेरेत्स्की यांनी तर दोन स्वरांच्या मधल्या अर्ध्या जागाही भरून टाकल्या आहेत. अखेरीस ५२ वाद्ये ५२ निरनिराळ्या सुरांवर उभी राहतात. त्यात ठोका नाही, म्हणून पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येत नाही, आणि अंदाज बांधता आला नाही की शरीर सावध होते. छाती भरून येणे, अंगावर काटा येणे, उठून जावेसे वाटणे, हे सारे त्या सावधपणाचे भाग आहेत. म्हणून पुन्हा म्हणतो: ज्याला त्रास झाला, त्याने ऐकले आहे.

इथे एक भेद मात्र काटेकोरपणे करायला हवा. तीव्र संगीत म्हणजे मोठा आवाज नव्हे. लग्नाच्या वरातीत आणि मिरवणुकीत जो डीजे वाजतो, त्याने खिडक्यांची तावदाने हादरतात आणि गोठ्यातली जनावरे दावे तोडू पाहतात. तिथे श्रोत्याला प्रतिक्रिया देण्याची सवडच मिळत नाही, फक्त सोसावे लागते. आपल्या देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि ती पाळली जावी असे मला कळकळीने वाटते. त्या सभागृहात आवाज भजनाइतकाच होता. काकाजी उठले ते मोठ्या किंचाळीला नव्हे. ती केव्हाच होऊन गेली होती.

म्हणून अशा संगीतानंतर कुणाला “आवडले का?” असे विचारू नये. त्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढीच उत्तरे आहेत. “कुठे उठावेसे वाटले?” असे विचारावे. “बोटे कुठे हलली, कुठे थांबली?” असे विचारावे. गुरुजींनी पुढे आपल्या वर्गात हेच केले, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. नाव आधी सांगायचे की नंतर, याबद्दलचे त्यांचे मत मात्र त्यांनी बदललेले नाही.

आता मी तुम्हाला एक वेगळी रचना ऐकवणार आहे. तिचे नाव मी सांगणार नाही. ती पूर्ण वाद्यवृंदासाठी आहे, तिच्यात ढोल-नगारे नाहीत, आणि ती साधारण नऊ मिनिटांची आहे. रेडिओचा आवाज आत्ता माझ्या बोलण्याला आहे तेवढाच राहू द्या. जवळ घड्याळ असेल तर समोर ठेवा, आणि ज्या मिनिटाला काही झाले, हसू आले, कंटाळा आला, रेडिओ बंद करावासा वाटला, ते मिनिट आणि जे झाले ते पोस्टकार्डावर लिहून आमच्या केंद्राकडे पाठवा. बंद केलाच, तर तेही कितव्या मिनिटाला ते लिहा. पुढच्या भाषणात मी आधी तुमची पत्रे वाचेन, आणि रचनेचे नाव त्यानंतर सांगेन.