माझं नाव ढापलं तिनं!

नमस्कार मंडळी! आज जरा नाजूक विषय आहे, बाळाच्या नावावरून मैत्रिणींमध्ये होणारी भांडणं. हसू नका, मी स्वतः भांडलेय.

मला सातवा महिना होता आणि मैत्रिणीची डिलिव्हरी माझ्याआधी झाली. चार दिवसांनी बाळाचा फोटो आला आणि खाली नाव, इरा. आता हे तेच नाव, जे मी लग्नाच्याही आधीपासून मोबाईलच्या नोट्समध्ये जपून ठेवलेलं. मी 'अभिनंदन' टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं, शेवटी नुसता एक हार्ट पाठवला आणि मग नवऱ्यापुढे अर्धा तास तणतण, की माझं नाव ढापलं तिनं! तो शांतपणे म्हणाला, तू तिला कधी सांगितलं होतंस का? नव्हतं ना. कुणी ढापेल म्हणून कुणालाच सांगितलं नव्हतं!

आता गंमत बघा, अमेरिकेत 1970 ते 1984 अशी सलग 15 वर्षं मुलींच्या नावांत जेनिफर एक नंबरला होतं. त्या सगळ्या आयांनी काय एकमेकींना फोन करून ठरवलं होतं? कित्येकींना तर वाटलं असणार, काय वेगळं नाव सुचलंय मला. आम्ही दोघी एका वयाच्या, सिरियली त्याच बघितल्या, पुस्तकं एकमेकींचीच वाचली, मग कानाला गोड लागणारं नावही एकच निघालं तर त्यात नवल ते काय.

हां, तुम्ही विश्वासानं सांगितलेलं नाव तिनं गुपचूप ठेवलं असेल तर राग येणारच, आणि तो बोलून दाखवा बिनधास्त. फक्त 'बदल ना नाव' एवढं म्हणू नका, कारण ते एव्हाना त्या बाळाचं झालेलं असतं. आणि तुम्हीच दुसऱ्या नंबरवर असाल तर आधी एक फोन करा, तिला फोटोखाली वाचून कळायला नको.

मी केला. हात थरथरत होता माझा. म्हटलं, मलाही इराच ठेवायचंय. ती दोन सेकंद गप्प, मग म्हणाली, अगं मग ठेव की, मला वाटलं तू हार्ट पाठवून ब्लॉक केलंस मला.

आता दोघी इरा चार वर्षांच्या आहेत. हाक मारली की प्रत्येकीला वाटतं दुसरीला बोलावतायत, एकही येत नाही.