शहाळे, तोरिंजन आणि रक्तदाबाची गोळी

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

निमंत्रणपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय ‘औषधे, पूरक आहार आणि अन्न यांच्या परस्परक्रिया कशा तपासाव्यात’ असा छापला आहे. मिळालेल्या पाऊण तासातील बराचसा भाग माझ्या परिचयातच खर्ची पडला असल्याने ‘कशा तपासाव्यात’ हा भाग शेवटी घाईत उरकावा लागणार, हे मला आताच दिसत आहे. औषधांच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला आयुष्य घालवलेल्या माणसाला समोरचे उठून जाणार नाहीत अशी सभा क्वचितच मिळते, त्यामुळे थोडे सांभाळून घ्यावे.

माझे म्हणणे असे की, आपल्याकडे ही तपासणी झालीच तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून होते. ती माणसाच्या दिवसावरून आणि कोकणातल्या महिन्यावरून झाली पाहिजे. चिठ्ठी बारा महिने तीच राहते, पण आपले ताट मृग लागताच बदलते, श्रावणात पुन्हा बदलते आणि चतुर्थीला चाकरमानी आले की त्यांच्या पिशव्यांतून निघणाऱ्या डब्यांमुळे आणखी एकदा बदलते.

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांचे उदाहरण सांगतो. हृदयाचे काम मंदावल्याने ते इस्पितळात राहून घरी आले होते. टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी आणि स्पायरोनोलॅक्टोन अशी दोन औषधे चालू होती आणि मूत्रपिंडेही वयोमानाने थोडी थकलेली होती. आता आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हाताने जायचे नाही ही आपली रीत, आणि हातात न्यायचे तर शहाळ्याएवढे निर्दोष दुसरे काय असणार? मास्तरांचे विद्यार्थी पंचक्रोशीभर पसरलेले. प्रत्येक जण आपल्या माडाची शहाळी घेऊन येई आणि वर, “घरच्या माडाचा आसा, काय्येक होवचा नाय,” अशी हमीही देई. पडवीत ढीग झाला. इतक्या शहाळ्यांचे करायचे काय, म्हणून मास्तरांना तहान लागली की पाण्याऐवजी शहाळेच फोडले जाऊ लागले. त्यात मुंबईच्या मुलाने ‘वडिलांना मीठ कमी सांगितले आहे’ म्हणून कमी सोडियमचे महागडे मीठ पाठवले.

आता हिशेब पाहा. शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, म्हणजे एका भरदार शहाळ्यात जवळजवळ एक ग्रॅम. कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. आणि मास्तरांच्या दोन्ही गोळ्या, आपापल्या मार्गाने, मूत्रावाटे पोटॅशियम बाहेर टाकण्याचे काम मंद करतात. येणारी वाट रुंद झाली आणि जाणारी अरुंद. रक्तातील पोटॅशियम लिटरमागे ३.५ ते ५ मिलिमोलच्या दरम्यान असावे; मास्तरांचे ६ च्या वर गेले, पायांतले त्राण गेले, नाडी मंदावली आणि त्यांना रात्रीच गाडीत घालून न्यावे लागले. ते वाचले.

माझी तक्रार पुढे आहे. फेरतपासणीला त्यांना “दुसरे काही औषध घेता का?” असे विचारले गेले होते आणि त्यांनी “नाही” असे सांगितले होते. उत्तर शंभर टक्के खरे होते. शहाळे हे औषध नव्हे, मीठ हेही औषध नव्हे. काढा, चूर्ण, ‘नुसती’ व्हिटॅमिनची गोळी, केसांसाठीची बायोटिन, यांपैकी कशालाच आपले लोक औषध मानत नाहीत. ज्येष्ठमधाचेच पाहा. भरपूर आणि रोज घेतल्यास ते रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम उतरवते. मागच्या रांगेतील गृहस्थ हसत आहेत. शहाळ्यावर ज्येष्ठमध घेतल्यास जमाखर्च जुळेल असे त्यांच्या मनात आले असावे. तसा तो जुळत नाही, कृपया प्रयोग करू नये.

शीर्षकातल्या तोरिंजनाकडे वळतो. १९८९ साली कॅनडातील डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते तपासत होते. मद्याची चव लपावी म्हणून त्यांनी ते ग्रेपफ्रूटच्या रसातून दिले आणि रक्तातील औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी वाढले. गुन्हेगार मद्य नव्हते, रस होता. त्यातील फ्युरॅनोकूमरिन नावाची द्रव्ये आतड्यातील औषध मोडणारे विकर (एन्झाइम) निकामी करतात, आणि नवे विकर तयार होईपर्यंत दिवस उलटतो, म्हणून गोळी सकाळी आणि फळ संध्याकाळी ही युक्ती येथे चालत नाही. आता ग्रेपफ्रूट आपल्या बाजारात कोण आणतो? पण त्याचे जवळचे नातेवाईक असलेले पपनस, म्हणजे आपले तोरिंजन, गणपतीच्या माटवीला टांगलेले असते आणि विसर्जनानंतर सोलून घरभर वाटले जाते. त्यातही ती द्रव्ये असतात. सिम्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी किंवा फेलोडिपिन घेणाऱ्यांनी, आणि मूत्रपिंड बदललेल्या, सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस घेणाऱ्यांनी तर नक्कीच, प्रसाद म्हणून पाकळी कपाळाला लावावी आणि शेजाऱ्याला द्यावी.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे उरलेले भराभर सांगतो.

रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिन किंवा ॲसिनोकूमरॉल या गोळ्या ‘के’ जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करतात आणि हिरव्या पानांत ते भरपूर असते. पावसाळ्यात टाकळा, भारंगी, शेवग्याचा पाला आणि अळूचे फदफदे एकदम ताटात आले की गोळीचा जोर कमी पडू शकतो. भाजी सोडू नये, प्रमाण सारखे ठेवावे, आणि आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची, तपासणी या दिवसांत लांबवू नये.

क्षयरोगावरील आयसोनियाझिड घेणाऱ्याने बांगडा आणि गेदर (ट्यूना) यांच्या ताजेपणाबाबत हयगय करू नये. बर्फाविना राहिलेल्या अशा मासळीत हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवल्याने जात नाही. शरीरात ते मोडणाऱ्या विकराला ही गोळी अडवते, मग चेहरा लाल होतो, डोके ठणकते, छाती धडधडते. लोक त्याला गोळीची ॲलर्जी समजून उपचार सोडतात, हा खरा धोका.

भातलावणीच्या दिवसांत लेप्टोपासून बचावासाठी आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देतात (गर्भवतीला देत नाहीत). लोहाची गोळी या डॉक्सिसायक्लिनला पोटातच बांधून ठेवते, म्हणून त्या दिवशी लोहाचे काय करायचे ते आरोग्यसेविकेला विचारावे.

तपासायचे कसे? सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत तोंडात काय काय जाते ते वेळेच्या क्रमाने कागदावर लिहावे: चहा, गोळ्या, काढा, ज्यूस, पावडर, सगळे. गोळीच्या पाकिटावरील ब्रँड न लिहिता मूळ औषधाचे नाव लिहावे, कारण परस्परक्रिया शोधून देणाऱ्या मोबाइलवरच्या तपासनीसाला आपले ब्रँड बहुधा कळत नाहीत आणि टाकळा तर मुळीच कळत नाही. तो दहा इशारे देईल. त्यांतला कोणता खरा, हे नोंदणीकृत फार्मासिस्टला विचारावे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार समजावून सांगणे हे त्याचे कामच आहे. तो गडबडीत असला तरी विचारावे. औषधाचा त्रास झाल्याचे वाटल्यास औषधसतर्कता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर कळवता येते. थायरॉइडची रक्ततपासणी करण्यापूर्वी बायोटिन घेत असल्याचे प्रयोगशाळेला सांगावे, त्याने आकडे चुकतात.

आणि कागदावर काही विरोध आढळला म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नये. पुष्कळदा नुसती वेळ बदलून भागते: थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोह निदान चार तासांनी.