पहिलं पाकीट खपलं, दुसऱ्याचं काय?

श्रोतेहो, नमस्कार. घरचा गोडा मसाला, लाल तिखट करून विकणारे आपल्याकडे गावोगाव आहेत. बचत गटांच्या प्रदर्शनात पहिलं पाकीट हातोहात खपतं. तेच गिऱ्हाईक दुसरं मागतं का, यावर ब्रँड उभा राहतो.

15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. सुरुवातीला त्यांच्याकडे एक उत्तम आणि एक हलकी अशा दोन प्रती होत्या. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी हलकी प्रत बंद करायला लावली. ‘लिज्जत’ हे नाव आलं 1962 मध्ये, म्हणजे दर्जा पक्का झाल्यावर.

चव बिघडते ती बहुतेक वेळा मापामुळे. मूठभर धने, चार वेलदोडे हे घरी चालतं, विक्रीत नाही. प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये तोला आणि वहीत लिहा. मिरचीकडे विशेष लक्ष हवं. ब्याडगी रंग देते, पण तिखटपणा बेताचा. लवंगी त्याच्या उलट. नवा माल आला की थोडं कुटून चाखा, मगच प्रमाण ठरवा. मसाला पूर्ण गार झाल्याशिवाय पाकिटात भरू नका. कोमट भरला तर आत वाफ धरते, गुठळ्या होतात, पावसाळ्यात बुरशीही येते. प्रत्येक घाण्याचं, म्हणजे एका वेळी केलेल्या मालाचं, एक पाकीट मुदत संपेपर्यंत जपून ठेवा. तक्रार आली तर दोष तुमच्या घाण्यात की दुकानदाराच्या ओलसर फळीत, हे लगेच कळतं.

आता किंमत. इथेच बरेच उद्योग बुडतात. समजा 100 ग्रॅमच्या पाकिटाला जिन्नस, गॅस, दळण, मजुरी, पाकीट धरून 50 रुपये लागतात. तुम्ही 70 छापता आणि 20 सुटतील असं वाटतं. दुकानदाराने 20 टक्के मागितले, म्हणजे 14 गेले. वितरकाचे 8 टक्के, म्हणजे साडेपाच. उरले साधारण साडेपन्नास, आणि अजून गाडीभाडं व फुटलेली पाकिटं बाकीच. 100 छापले तर दोघांचे वजा जाता 72 राहतात. म्हणून छापील किमतीपासून उलटं मोजत या, आणि प्रदर्शनातही दुकानापेक्षा फार स्वस्त विकू नका. नाहीतर दुकानदार दुसऱ्यांदा माल ठेवत नाही.

नाव ठरवताना ‘शुद्ध’, ‘स्वादिष्ट’ टाळा. मालाचं वर्णन करणारी नावं नोंदवणं अवघड जातं. ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर मसाल्यांसाठी वर्ग 30 मध्ये शोध घ्या, लोणच्यांसाठी 29 मध्ये. नोंदणी होण्याआधी गोलातला आर ही नोंदणीची खूण छापणं बेकायदेशीर आहे.

मार्केटिंगमध्ये नोकरी शोधणाऱ्या तरुणांनी वितरकाच्या विक्रेत्याबरोबर एक आठवडा दुकानं फिरावीत. उधारी किती दिवसांची, माल परत का येतो, कोणतं पाकीट कुठल्या फळीवर बसतं, हे तिथेच दिसतं.

नव्या दुकानात सहाच पाकिटं ठेवा आणि पंधरा दिवसांनी जाऊन मोजा. चार गेली तर बारा ठेवा. एकही गेलं नसेल तर माल उचला आणि आधी दुकानदाराला विचारा, गिऱ्हाईक पाकीट हातात घेऊन परत का ठेवतं.