नाकातून मेंदूकडे, परळहून कोलकात्याकडे

मेंदूच्या तळाशी, दोन डोळ्यांच्या मागच्या बाजूला, वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. तिच्या वर हायपोथॅलॅमस, मेंदूचाच एक भाग. बीजांडकोशातून दर महिन्याला एक स्त्रीबीज सुटतं, त्याचा हुकूम निघतो तो इथून.

प्रजननशास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी आपल्या उमेदीची वर्षं याच इवल्याशा जागेला दिली. हा हुकूम रक्तवाहिन्यांमधून पिट्यूटरीकडे उतरतो, हे तोवर ठाऊक झालं होतं. आनंद कुमारांचं लक्ष मात्र मेंदूच्या पोकळ्यांमध्ये भरलेल्या नितळ द्रवाकडे होतं. हाही एक रस्ता असेल का? ऱ्हीसस माकडाच्या मेंदूत त्यांना एक दुवा दिसला. तिसऱ्या पोकळीच्या अस्तरापासून पिट्यूटरीच्या वरच्या, मानेसारख्या भागापर्यंत पोचणारा. १९६७ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस नोल्स यांच्यासोबत त्यांनी हे ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडलं.

द्रवातून पिट्यूटरीकडे वाट जाते, तर त्या द्रवापर्यंत औषध न्यायचं कसं? दिल्लीच्या एम्समध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी नाक निवडलं. नाकाच्या छताला वासाच्या मज्जातंतूंची टोकं असतात आणि त्यांच्या वर लगेच मेंदू. किरणोत्सारी खूण लावलेली संप्रेरकं माकडांच्या नाकात फवारली, आणि ती मेंदूभोवतीच्या द्रवात सापडली. मग १९७७ साली पुन्हा ‘नेचर’मध्ये निबंध आला. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक आणि त्याच्यासारखंच काम करणारं कृत्रिम नॉरएथिस्टेरॉन नाकावाटे दिल्यावर माकडांमध्ये स्त्रीबीज सुटणं थांबलं होतं.

या प्रयोगामागची दृष्टी मला फार मोलाची वाटते. गर्भनिरोधक गोळी आधी पोटात जाते, यकृतातून जाते, सगळ्या अंगभर पसरते. काम मेंदूत करायचं असेल, तर बाईच्या बाकीच्या शरीराला तो भार कशाला? असा फवारा बाजारात आला नाही. पण नाकातून मेंदूपर्यंत औषध पोचवण्यावर आज जगभर संशोधन चालू आहे, आणि दिल्लीतली ही माकडं त्या इतिहासाच्या सुरुवातीच्या पानांवर आहेत.

ऐंशीच्या दशकात ते मुंबईला आले, परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक म्हणून. शेजारीच केईएम रुग्णालय. तिथल्या डॉ. इंदिरा हिंदुजा आणि संस्थेतले शास्त्रज्ञ एकत्र आले आणि ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये एक मुलगी जन्मली. भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी, असं तेव्हा देशभर छापून आलं.

इथेच त्यांची कहाणी थांबली असती, तरी ती मोठीच ठरली असती.

१९९७ मध्ये एका परिषदेसाठी ते कोलकात्याला गेले. तिथे डॉ. सुभाष मुखर्जी यांची कागदपत्रं त्यांच्या हाती आली. मुखर्जींनी ऑक्टोबर १९७८ मध्येच, म्हणजे इंग्लंडमधल्या जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीनंतर अडीच महिन्यांच्या आत, असा जन्म घडवल्याचं जाहीर केलं होतं. सरकारी समितीनं त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. पुढे या संप्रेरकतज्ज्ञाची बदली झाली ती नेत्रविज्ञान संस्थेत. १९८१ मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

आनंद कुमारांनी ते कागद बारकाईनं वाचले. १९७८ मध्ये जन्मलेल्या त्या मुलीच्या आईवडिलांशी बोलले. संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन एकाहून जास्त बीजं पिकवायची, ती योनीमार्गानं काढायची, तयार झालेला भ्रूण गोठवून ठेवायचा आणि नंतरच्या एखाद्या पाळीचक्रात गर्भाशयात सोडायचा, अशी मुखर्जींची पद्धत होती. इंग्लंडमधल्या त्या पहिल्या जन्मासाठी यातलं काहीच वापरलं नव्हतं. गोठवलेल्या भ्रूणापासून जन्म झाल्याची जगानं मानलेली पहिली नोंद तर ऑस्ट्रेलियातली, १९८४ ची! खोटं सांगणारा माणूस इतकं पुढचं, इतकं नेमकं कुठून आणणार?

त्याच १९९७ साली ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात त्यांनी लेख लिहिला आणि भारताच्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार म्हणून सुभाष मुखर्जींचं नाव शीर्षकातच घातलं. पहिलेपणाचा मान आपल्या चमूकडे असताना, तो आपला नाही हे त्यांनी स्वतःच्या सहीनं छापलं. कुणी मागितलं नव्हतं, कुणाचा दबाव नव्हता.

तेव्हापासून परळच्या जन्माचा उल्लेख ‘शास्त्रीय नोंदी असलेला पहिला’ असा होतो. आनंद कुमार २०१० मध्ये गेले.