समुद्रतळाची वाट

मघाशी एका काकांनी विचारलं, "खामगावाले समुद्रच नाही, मंग हे केबलचं आमाले कायले?" प्रश्न रास्त आहे. पण मंडळी, 1870 साली खामगावला रेल्वे आली आणि त्याच वर्षी मुंबईहून एडनमार्गे सुएझकडे समुद्रातून तार पडली. वऱ्हाडचा कापूस बोटीनं लिव्हरपूलला पोचायच्या कितीतरी आधी तिथला भाव मुंबईत कळू लागला. आजही तुमच्या मोबाईलवर परदेशातून जे येतं, ते बहुतेक मुंबई किंवा चेन्नईच्या किनाऱ्याला लागलेल्या केबलमधूनच.

या केबलची वाट नकाशावर पट्टी ठेवून आखता येत नाही. आधी कागदावर अभ्यास होतो: मासेमारी कुठे, तेलविहिरी कुठे, जुन्या केबल कुठे तुटल्या. मग सर्वेक्षणाचं जहाज ध्वनिलहरींनी तळ मोजत जातं. दोन खडकांमध्ये केबल अधांतरी राहिली, तर विहिरीच्या काठावर दोर झिजावा तशी ती प्रवाहानं घासून झिजते. म्हणून लांबचा असला, तरी सपाट, मऊ गाळाचा रस्ता बरा.

खोल पाण्याला आपण उगाच भितो. तिथे जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीची केबल तळावर नुसती टाकलेली असते आणि वर्षानुवर्षं टिकते. खरा धोका उथळ पाण्यात. जगभरात वर्षाला दीडशे-दोनशे बिघाड होतात, त्यांतले बहुतेक मासेमारीच्या जाळ्यांनी आणि जहाजांच्या नांगरांनी. म्हणून किनाऱ्याजवळ केबलवर पोलादी तारांचं चिलखत चढवतात आणि समुद्रतळ नांगरून ती मीटर-दोन मीटर खाली पुरतात.

निसर्गाचा दणका मात्र वेगळाच. 18 नोव्हेंबर 1929ला आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिणेला भूकंप झाला. केंद्राजवळच्या केबल तत्क्षणी गेल्या. पण उतारावरच्या, शेकडो किलोमीटर दूरच्या केबल त्यानंतर सुमारे तेरा तासांत एकेक करून तुटत गेल्या. असं का? 1952 मध्ये हीझन आणि यूइंग या समुद्रतळाच्या अभ्यासकांनी त्या तुटण्याच्या वेळा मांडून उलगडा केला: भूकंपानं सुटलेला गाळाचा लोंढा उतारावरून धावत गेला होता. बिघाडाच्या नोंदवहीतून समुद्राखालचा पूर मोजला गेला! मला हे फार आवडतं. आता समुद्राखालच्या घळींची तोंडं शक्यतो टाळतात. डिसेंबर 2006 मध्ये तैवानजवळ भूकंपानंतर अशाच लोंढ्यांनी केबल तुटल्या.

शेजारून दुसरी केबल न्यायची, तर खोल पाण्यात साधारण खोलीच्या तिप्पट अंतर ठेवतात, कारण दुरुस्तीचं जहाज गळ टाकून केबल ओढतं आणि शेजारची गळाला लागता कामा नये. हे गणित तांबड्या समुद्रात अडतं. भारत-युरोपच्या बहुतेक केबल त्याच चिंचोळ्या वाटेनं इजिप्तला जातात. फेब्रुवारी 2024 मध्ये 'रुबीमार' हे हल्ल्यात सापडलेलं जहाज नांगर फरफटत वाहत गेलं, त्याच सुमारास तिथल्या तीन केबल तुटल्या. नांगरानंच तुटल्या, असा बहुतेकांचा कयास. कंपन्या केबलची संख्या सांगतात. मी म्हणतो, वाटा मोजा.