कणी, कोंडा आणि सावत्र आई

मित्रहो, गिरणीत साळ भरडली की अख्ख्या तांदळाबरोबर आणखी दोन गोष्टी निघतात, कणी आणि कोंडा. व्हिएतनामी भाषेत कणीला 'ताम' म्हणतात आणि कोंड्याला 'काम'. त्या देशात लहान मुलांना सांगितल्या जाणाऱ्या सगळ्यांत लाडक्या गोष्टीतल्या दोन सावत्र बहिणींची नावं हीच आहेत. ताम पोरकी, काम आईची लाडकी.

ताम विहिरीत एक छोटा मासा पाळते. काठावर बसून त्याला साद घालते, वर ये, आमच्या घरचा सोन्याचा भात, चांदीचा भात खा. सावत्र आई मायलेकींसाठी तो मासा मारून शिजवते. पुढे ताम राणी होते. वडिलांच्या श्राद्धाला माहेरी आलेली असताना सावत्र आई तिला सुपारीच्या झाडावर चढवते आणि खालून झाड तोडते. ताम मरते, पण संपत नाही. हळद्या पक्षी होऊन येते, झाड होऊन येते, माग होऊन येते आणि शेवटी एका पिवळ्या, सुवासिक फळातून बाहेर पडून एका म्हातारीच्या घरी राहू लागते. एकदा राजा त्या घरी टेकतो. म्हातारी त्याच्यापुढे विडा ठेवते. पानाची घडी पक्ष्याच्या पंखासारखी, नाजूक. अशी घडी घालणारी एकच बाई राजाला माहीत असते. आपल्याकडे विड्याला किती अर्थ चिकटलेले आहेत हे तुम्हाला ठाऊकच आहे, त्यामुळे राजाला काय वाटलं असेल ते वेगळं सांगत नाही.

ही गोष्ट २०१६ मध्ये पडद्यावर आणली न्गो थान व्हान हिनं. नावातल्या 'न्गो'चा उच्चार आपल्या 'वाङ्मय'मधल्या 'ङ'नं सुरू होतो. न्गो हे आडनाव, ते आधी येतं. व्हिएतनामी लोक एकमेकांना शेवटच्या नावानं हाक मारतात, म्हणून मी तिला आज व्हान म्हणणार आहे.

तेव्हा ती ३७ वर्षांची होती, देशातली सर्वांत नावाजलेली मारधाडपटांची नायिका. चित्रपटाची निर्माती ती, दिग्दर्शिका ती. आणि स्वतःसाठी तिनं कोणती भूमिका ठेवली? सावत्र आईची. ताम आणि काम तिनं तरुण मुलींना दिल्या. मी आज जे बोलणार आहे ते सगळं या निवडीभोवतीच फिरणार आहे. एखादी अभिनेत्री दिग्दर्शिका होते तेव्हा तिनं कॅमेरा कुठे लावला हे आपण बघतो. स्वतःला कुठे उभं केलं, तेही बघायला हवं.

व्हानचा जन्म १९७९चा, मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातल्या त्रा विन्हचा. नद्या, कालवे, भातखाचरं. १९७५ला युद्ध संपलं, पण माणसं देश सोडून जातच राहिली. पुढच्या वीस वर्षांत सुमारे ८ लाख व्हिएतनामी माणसं नावेतून समुद्र ओलांडून दुसऱ्या देशांत सुखरूप पोचली. जी पोचली नाहीत त्यांची नीट मोजदाद कधीच झाली नाही. व्हान दहा वर्षांची असताना आईवडिलांनी तिला अशा एका नावेत बसवलं. ती वाढली नॉर्वेत. कालव्याकाठची पोर, बर्फात. वयाच्या विशीत ती व्हिएतनामला परतली, आधी मॉडेल झाली, मग गायिका. अल्बम निघाले, पुढे २०१० साली दूरचित्रवाणीवरची नृत्यस्पर्धाही तिनं जिंकली. या काळाबद्दल मी फार बोलत नाही, कारण तिचं खरं काम यात नाही.

खरं काम सुरू झालं २००७ साली, चार्ली न्गुयेन दिग्दर्शित 'द रिबेल'पासून. या शतकाच्या सुरुवातीला व्हिएतनाममध्ये खासगी कंपन्यांना चित्रपट काढण्याची मुभा मिळाली. त्याआधी चित्रपट म्हणजे सरकारी स्टुडिओ. दार उघडलं तसे परदेशात वाढलेले व्हिएतनामी कलावंत परतू लागले. 'द रिबेल'चे दिग्दर्शक चार्ली, नायक जॉनी त्री न्गुयेन आणि खलनायक डस्टिन न्गुयेन हे तिघेही लहानपणी देश सोडून अमेरिकेत वाढलेले. चौथी व्हान. चित्रपट १९२२ सालच्या फ्रेंच अमलाखालच्या व्हिएतनामचा आहे आणि व्हान त्यात बंडखोरांच्या म्होरक्याची मुलगी आहे. परदेशात वाढलेल्या या चौघांनी परत येऊन आपल्या देशाच्या स्वातंत्र्याची गोष्ट सांगितली, यात मला फार मोठी ओढ दिसते. २००९ मध्ये 'क्लॅश' आला. त्यात ती मुलीला सोडवण्यासाठी गुंडाची कामं करणारी आई आहे. ही आई लक्षात ठेवा. दहा वर्षांनी ती पुन्हा भेटणार आहे. तिकडच्या वर्तमानपत्रांनी तिला तेव्हा 'दा नु' हे बिरुद दिलं, म्हणजे लढणारी बाई.

अशी बिरुदं सोन्याच्या पिंजऱ्यासारखी असतात. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर पुढची पंधरा वर्षं तशाच भूमिका करत राहिली असती. व्हाननं त्या नावावर मिळालेलं भांडवल निर्मितीत घातलं. स्वतःची संस्था काढली, नवी मुलं तयार केली, तरुण मुलग्यांचा एक गायकवृंदही उभा केला. 'ताम काम'चं गाणं त्याच मुलांनी गायलं. त्याचा मुखडा आला होता माशाला घातलेल्या त्या सादेतून, आणि ते देशभर पोराटोरांच्या तोंडी बसलं.

तो चित्रपट लागण्याआधी एक मोठं संकट आलं. तिकिटाच्या पैशातला वाटा कुणाला किती, यावर देशातल्या सगळ्यांत मोठ्या मल्टिप्लेक्स साखळीशी तिचं जमलं नाही. त्या साखळीच्या एकाही पडद्यावर चित्रपट लागणार नाही हे ऑगस्ट २०१६ मध्ये पत्रकार परिषदेत सांगताना तिला रडू आवरलं नाही. चित्रपट उरलेल्या थिएटरांत लागला आणि त्या वर्षीच्या मोठ्या यशांत गणला गेला. आपल्याकडे मराठी चित्रपटाला सोयीच्या वेळेचा खेळ मिळावा म्हणून निर्माते किती वर्षं झगडताहेत ते तुम्ही जाणता. म्हणून मला हा प्रसंग परका वाटत नाही.

चित्रपट म्हणून 'ताम काम' सगळा जमलेला नाही, हेही सांगते. अर्धा वेळ दरबारी कारस्थानं आणि संगणकावर रचलेल्या लढाया यांतच जातो, आणि बहिणींची गोष्ट मागे पडते. माझ्या मते विहीर, सुपारीचं झाड आणि विडा एवढ्यावर तो अधिक भक्कम उभा राहिला असता.

पुढच्याच वर्षी 'को बा साय गोन' आला. दिग्दर्शन दुसऱ्यांचं, निर्मिती व्हानची. १९६९चं सायगॉन, पिढ्यान्‌पिढ्या आओ झाय शिवणारं एक घराणं. आओ झाय म्हणजे दोन लांब पदरांचा, अंगाबरोबर बसणारा झगा आणि खाली सैल विजार. घरातल्या मुलीला मात्र पाश्चात्त्य फॅशनची ओढ, आणि आईची शिवणकला शिकायची नाही. ती एकदम २०१७ मध्ये जाऊन पडते आणि म्हातारपणीच्या स्वतःलाच भेटते. यात व्हान कोण? आई. अबोल, कडक, मापात चूक खपवून न घेणारी आई. २०१८ मध्ये तिनं 'सॉन्ग लांग'ची निर्मिती केली. काय लुओंग नावाच्या, संपत चाललेल्या संगीत रंगभूमीचा हा नितांत सुंदर चित्रपट, दिग्दर्शक लिऑन ले. ज्यांच्या घरात नाट्यपदं गुणगुणली गेली आहेत त्यांनी तो आवर्जून बघावा. रंगमंचाच्या विंगेत उभं राहून रोज तेच पद ऐकणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर काय असतं, ते तिथे दिसेल.

आता 'हाय फुअंग', म्हणजे गेल्या आठवड्यात आपण इथे पाहिलेला 'फ्युरी'. चर्चेत कुणीतरी विचारलं होतं की नावातलं 'हाय' म्हणजे काय. 'हाय' म्हणजे दोन. दक्षिण व्हिएतनाममध्ये भावंडांची मोजणी दोनपासून सुरू होते, थोरल्या अपत्याला 'दोन' म्हणतात. म्हणजे हाय फुअंग ही घरातली थोरली, आपल्या भाषेत ताई. 'को बा' मधलं 'बा' म्हणजे तीन, म्हणजे दुसरं अपत्य. मूळ नाव वाचल्याबरोबर सायगॉनच्या प्रेक्षकाला कळतं की ही मेकाँगकडची, शेतकरी घरातली थोरली लेक आहे. इंग्रजी नावात ती हरवते.

त्यातला बाजाराचा प्रसंग आठवा. पोरीवर चोरीचा आळ येतो. वसुली करणारी, मारामारीत कुणाला न हरणारी आई त्या एका क्षणी पोरीच्या बाजूनं उभी राहत नाही. पोर दुखावून पळते आणि तिला पळवणारे तिला नावेत घालतात. कालव्यातून नाव निघून जाते आणि काठावरून आई धावते. दहाव्या वर्षी नावेत बसवली गेलेली मुलगी इथे काठावरची आई झाली आहे. व्हाननं असं कुठे म्हटल्याचं मी सांगत नाही. मला मात्र तो प्रसंग दुसऱ्या कुठल्या नजरेनं बघताच येत नाही. २०१९चा हा चित्रपट व्हिएतनामी चित्रपटांतल्या कमाईचे आधीचे विक्रम मोडून गेला आणि ऑस्करसाठी देशातर्फे पाठवला गेला. दिग्दर्शन ले व्हान कीएत यांचं, पण कणा तिचाच.

हॉलिवूडमधलं काम थोडक्यात सांगते. २०१७च्या 'स्टार वॉर्स'मध्ये सुरुवातीलाच बॉम्बफेकी यानातली एक मुलगी जखमी अवस्थेत शिडीवर लाथा मारत राहते, वर अडकलेलं यंत्राचं बटण खाली पडावं म्हणून. शेवटी ते हातात येतं, ती दाबते आणि जाते. संवाद जवळजवळ नाही. 'द ओल्ड गार्ड'मध्ये लोखंडी पेटीत कोंडून समुद्रात टाकलेली, शतकानुशतकं बुडून मरणारी आणि पुन्हा जिवंत होणारी अमर योद्धी ती आहे. मूळ चित्रकथेत हे पात्र जपानी होतं, पडद्यावर ते व्हिएतनामी झालं.

अपयशही आलं. 'त्रांग ती' या २०२१च्या बालचित्रपटाच्या वेळी वाचकांनी बहिष्काराची हाक दिली. ज्या चित्रमालिकेवर तो बेतला होता तिचे चित्रकार ले लिन्ह यांना ती आपलीच निर्मिती आहे हे सिद्ध करायला बारा वर्षं कोर्टात झगडावं लागलं होतं, आणि चित्रपटाचे हक्क घेतले गेले होते ते प्रकाशक कंपनीकडून. कायद्यात ते बसत असेल. पण 'को बा साय गोन' थिएटरातून मोबाइलवर थेट दाखवणाऱ्या प्रेक्षकाविरुद्ध जी निर्माती ठामपणे उभी राहिली, तिच्याकडून वाचकांनी त्या चित्रकारासाठीही तेवढ्याच ठामपणाची अपेक्षा केली. ती मला रास्त वाटते.

आज आपण बघणार आहोत 'थान सॉय', इंग्रजीत 'फ्युरीज'. २०२२च्या अखेरीस तिकडे लागलेला, व्हाननं स्वतः दिग्दर्शित केलेला. नव्वदच्या दशकातलं सायगॉन, निऑन दिवे, आणि गुंडांच्या टोळीवर सोडलेल्या तीन तरुण मुली. 'फ्युरी'तल्या खलनायिकेची ही पूर्वकथा. घरच्या तिकीटबारीवर तो फारसा चालला नाही. मारामाऱ्या लांबल्या आहेत हेही खरं. पण तीन मुलींच्या देहबोलीत तिनं किती वेगळेपण आणलं आहे ते बघा. एक अंग चोरून लढते, एक हसत लढते, एक मोजूनमापून लढते. दुसऱ्याला लढायला शिकवणाऱ्या बाईलाच हे सुचतं. आणि त्यांना शिकवणारी जॅकलीन, जी मायेनं त्यांना जवळ घेते आणि जिच्या मायेत काय दडलं आहे ते शेवटी कळतं, ती भूमिका व्हाननं स्वतःकडे ठेवली आहे.

पहिली काही मिनिटं फार जड आहेत. एका लहान मुलीवर अत्याचार होतो, ज्यांना ते बघवणार नाही त्यांनी खुशाल थोडा वेळ बाहेर थांबावं. जे बसतील त्यांनी ते घर कुठे आहे तेवढं बघून ठेवा. ते नदीवर आहे, नावेत.

दिवे बंद करूया.