घाट चढाल हो, पण उतरणार कसे?

नमस्कार मंडळी! वाईहून सायकलने पसरणी घाट चढायचा, पाचगणी-महाबळेश्वर करत आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचं, असा एका दिवसाचा व्हिडिओ टाकला आणि खाली प्रश्नांची रांगच लागली. "ताई, चढ फार आहे का?" "ताई, गुडघे दुखतात, जमेल का?" "ताई, उतरून ढकलली तर चालतं का?" सगळे चढाचे प्रश्न. उताराबद्दल एकाच भल्या माणसाने लिहिलंय, आणि काय? "उतार काय, फुकटचा!" दादा, आजचा व्हिडिओ खास तुमच्यासाठी.

चढाचं पटकन उरकते. वाई सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी जवळपास १,३०० मीटरवर, मध्ये बारा-तेरा किलोमीटर. उजाडायच्या आत निघा, पुढचा-मागचा दिवा लावून. गिअरची पुढची चकती लहान, मागची मोठी. धाप लागून बोलता येत नसेल तर वेग कमी करा. भूक लागायच्या आधी खा. ढकलली तरी चालते, घाट कुणाला सांगायला जात नाही. आणि हो, पाचगणीला स्ट्रॉबेरी विथ क्रीम खाऊ नका असं मी त्या व्हिडिओत म्हणाले, त्यावर केवढी भांडणं झाली! खा बाबांनो. पण मोठा ग्लास रिचवून पुढे महाबळेश्वरपर्यंतचे एकोणीस-वीस किलोमीटर चढ-उतार करताना पोट काय म्हणतं, ते मला लिहून कळवा.

झाला चढ. आता महाबळेश्वर. उंची साधारण १,३५० मीटर. तिथून पोलादपूर चाळीसेक किलोमीटर, आणि ते जवळजवळ समुद्रसपाटीला. म्हणजे तुम्ही आख्खा सह्याद्री एका दमात उतरणार. तुम्ही, सायकल, सामान मिळून शंभर किलो धरा. एवढं वजन तेराशे मीटर खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात नळाचं चार लिटर पाणी उकळेल. ती कुठेतरी जायलाच हवी. थोडी हवेत जाते, बाकीची तुमच्या ब्रेकमध्ये. फुकटचा उतार म्हणे!

बहुतेक जण काय करतात? घाबरतात. घाबरणं बरोबरच आहे, पण त्यापायी महाबळेश्वरला जो ब्रेक धरतात तो खाली येईपर्यंत सोडत नाहीत. अर्धवट दाबलेला, सतत घासत राहणारा ब्रेक. पंचवीस-तीसचा वेग, म्हणजे "मी काही फार जोरात जात नाहीये" असं वाटायला लावणारा. आणि नेमक्या त्याच वेगाला ब्रेकवर सगळ्यात जास्त भार येतो! अगदी हळू गेलात तर दर सेकंदाला उष्णता कमी तयार होते. जोरात गेलात तर हवाच अडवते, कारण वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो. मधल्या वेगाला हवाही मदत करत नाही आणि ब्रेकला उसंतही मिळत नाही. म्हणून दाबा आणि सोडा. सरळ रस्त्यावर सायकल जरा धावू द्या, वळण दिसलं की दोन्ही ब्रेक मिळून ठाम दाबा, वेग उतरला की सोडून द्या. रिम (चाकाची धातूची कड) गार होते, डिस्क (चाकाच्या मध्याजवळची ब्रेकची चकती) गार होते, बोटंही सुटतात.

आमच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत, रिमलाच घासणाऱ्या रिम ब्रेकची सायकल, मागे दोन भरलेल्या बॅगा. मी वाटेत दोनदा ओरडले, "काका, सोडा!" ते म्हणे, "तू पुढे हो, मी सावकाश येतो." खाली प्रतापगडाच्या फाट्याजवळ चहाला थांबलो. सायकल भिंतीला टेकवलेली, काका बिस्किट बुडवतायत, आणि धाडकन मागची ट्यूब फुटली. उभ्या सायकलची! चहावाल्या मामांनी आतून विचारलं, "कुणाची वरात आली का?" तापलेली रिम थांबल्यावर लगेच गार होत नाही. वाराही लागत नाही, आणि ती उष्णता ट्यूबमध्ये जाते. भिंतीऐवजी वळणावर फुटली असती तर? काका आता दाबतात आणि सोडतात.

"पण ताई, माझ्या सायकलला डिस्क आहे." हे वाक्य मला पाठ झालंय. डिस्कने ट्यूब वाचते, एवढंच. ऊर्जा तीच, जागा बदलली. पॅड तापून गुळगुळीत झाले की ब्रेक दाबूनही पकड येत नाही. मध्ये थांबा, निवू द्या, आणि कृपा करून तापलेल्या डिस्कला बोट लावून बघू नका.

आता तीच गोष्ट वळणावरून. टायरची रस्त्यावरची पकड मोजकी असते. ती तुम्ही वळायला वापरा किंवा थांबायला. वळणात शिरून मग ब्रेक मारला की दोन्हीकडून मागणी येते, त्यात आंबेनळीत दरडीकडच्या कडेला खडी आणि माती असते. म्हणून वळणाच्या आधी ब्रेक, वळणात मोकळे हात, बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, नजर वळणाच्या पलीकडे. खड्ड्याकडे बघितलंत तर खड्ड्यातच जाल. आणि आपल्या बाजूलाच राहा! खालून एसटी येत असते, तिला हेअरपिनला, म्हणजे उलटं फिरवणाऱ्या वळणाला, अख्खा रस्ता लागतो. घाटात वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, हा नियम आहे, चांगुलपणा नव्हे. हेडफोन लावून उतरणाऱ्यांना मी काही बोलत नाही, नाहीतर व्हिडिओ काढून टाकावा लागेल.

तिसऱ्यांदा सांगते, वैतागू नका. हातांसाठीसुद्धा दाबा-सोडा. थंडीत महाबळेश्वरला घामाने भिजलेले पोहोचता आणि तसेच उतारावर सुटता. दहा मिनिटांत बोटं बधिर. बधिर बोटांनी ब्रेक काय दाबणार? विंडचीटर वरच घाला, खाली काकडल्यावर नाही. नसेल तर छातीवर, टी-शर्टच्या आत वर्तमानपत्राची घडी. लोक हसतील, हसू द्या.

पावसाळ्यात जावं का? धुक्यात उतार मला आवडत नाही, ओल्या रिमवर पहिला ब्रेक फक्त पाणीच पुसतो. शिवाय हा घाट दरडींचा आहे. जुलै २०२१ च्या पावसात इथला रस्ता जागोजागी खचला होता. त्यामुळे रस्ता चालू आहे का, ते महाबळेश्वरलाच विचारून मग उतरा. एका दर्शकाने लिहिलंय, "अफजलखान वाईहूनच जावळीत उतरला होता, त्याला कुठे ब्रेक होते?" खान रडतोंडीच्या घाटाने उतरला हो, आणि पुढे त्याचं काय झालं ते तुम्हालाही माहीत आहे.

परत कसं यायचं? पोलादपूर मुंबई-गोवा महामार्गावर आहे, एसटी मिळते. टपावर जागा असेल आणि कंडक्टरचं मन असेल तर सायकल चढते, नाहीतर मुक्काम.

आता एक काम करा. बाहेर जा, ब्रेक पॅड बघा. रेघा पुसल्या असतील तर बदला. मग उजव्या हाताचा ब्रेक दाबून सायकल ढकला आणि पुढचं चाक अडतं की मागचं, ते बघा. आपल्याकडे बहुधा पुढचं, पण बाहेरून आलेल्या सायकलींना उलटं असू शकतं. तुमचं कुठलं निघालं, खाली लिहा. "फुकटचा" वाले दादा, तुम्ही सगळ्यात आधी.